छत्तिसाचा आकडा

बँकेच्या नोकरीत असताना माझा दिवस तारखेच्या शिक्क्याने सुरू होत असे. शाखेचे दार उघडल्यावर पहिले काम म्हणजे त्या शिक्क्याची चाके फिरवून कालची तारीख पुढे सरकवणे. एखाद्या दिवशी ते राहून गेले, तर पावत्यांवर आणि धनादेशांवर कालचीच तारीख उमटे आणि प्रत्येक कागदावर दुरुस्तीची सही करत बसावे लागे. निवृत्तीनंतर तो शिक्का हातून सुटला. तारीख स्वतःच्या हाताने बदलण्याची सवय मात्र सुटली नाही. पुढे सुतारकामाचा छंद जडला, तेव्हा मी नेटाने पूर्ण केलेली पहिली वस्तू कदाचित म्हणूनच लाकडी शाश्वत दिनदर्शिका ही ठरली. ती घडवता घडवता घरातला एक जुना हिशेबही पुढे आला. दोन्हींविषयी एकत्रच लिहितो आहे, कारण मला ते आता वेगळे करता येत नाहीत.

शाश्वत दिनदर्शिका म्हणजे वर्ष संपले तरी रद्दीत न जाणारी. तिच्यावर वर्षाचा आकडा नसतो. तारीख, वार आणि महिना एवढेच असते आणि ते रोज आपल्या हाताने लावायचे असते. छापील दिनदर्शिका दरवर्षी नवी का लागते, याचे गणित सोपे आहे. ३६५ दिवसांत ५२ आठवडे पूर्ण होऊन एक दिवस उरतो, म्हणून कोणत्याही तारखेचा वार पुढल्या वर्षी एकाने सरकतो आणि मध्ये २९ फेब्रुवारी आली तर दोनाने. वर्षाचा आरंभ सातांपैकी कोणत्याही वारी होणार आणि वर्ष साधे किंवा लीप असणार, म्हणजे वर्षाचे प्रकार १४ च. २०२४ चे वार १९९६ च्या वारांशी तंतोतंत जुळतात. ४०० वर्षांचे मिळून १,४६,०९७ दिवस होतात; ते बरोबर २०,८७१ आठवडे भरतात आणि सारे चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. लाकडी ठोकळ्यांच्या दिनदर्शिकेला या चक्राची फिकीर नसते, कारण तिच्यात प्रत्येक भाग सुटा असतो.

२०२४ च्या उन्हाळ्यात माझ्या नातवाने अशी एक इंग्रजी आकड्यांची दिनदर्शिका घरी आणली आणि मला प्रश्न घातला, ‘आजोबा, दोन्ही ठोकळ्यांवर ९ कुठेच नाही, मग ९ तारीख कशी येते?’ मी कागद घेऊन बसलो. घनाकृती ठोकळ्याला सहा बाजू, दोहोंच्या मिळून बारा. ११ आणि २२ या तारखांसाठी एक व दोन हे आकडे दोन्ही ठोकळ्यांवर हवेत. ०१ ते ०९ साठी शून्याच्या शेजारी नऊ वेगवेगळे आकडे यायचे आहेत आणि एका ठोकळ्यावर नऊ आकडे मावत नाहीत, म्हणून शून्यही दोन्हींवर हवे. यात सहा बाजू खर्ची पडल्या. उरल्या सहा बाजू आणि उरलेले आकडे मात्र तीनपासून नऊपर्यंत सात! ताळेबंद एकाने चुकतो. इंग्रजी आकड्यांत ही तूट भरून काढतात ती ६ उलटा करून. तोच ९ होतो.

नातवासाठी आपल्या मराठी आकड्यांची दिनदर्शिका करावी असे मनात आले आणि तेथेच गाडी अडली. देवनागरी ६ उलटा केल्याने ९ होत नाही. आकडे कागदावर काढून मी एकेक उलटा करून पाहू लागलो, आणि ३ उलटा धरताच हात थांबला. समोर ६ होता. शेपटीची जागा तेवढी चुकली होती. हे मी पूर्वी पाहिले होते; पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी, रोज.

तालुक्याच्या गावी आमच्या वडिलांचे भुसार मालाचे दुकान होते. त्या काळी दुकानाला लोखंडी शटर नव्हते. उंबऱ्यातल्या आणि वरच्या तुळईतल्या खाचेत सागवानी फळ्या एकापुढे एक सरकवून दुकान बंद करायचे. अशा बारा फळ्या होत्या. प्रत्येकीची रुंदी कमीअधिक असल्याने क्रम चुकून चालत नसे, म्हणून वडिलांनी स्वतःच्या हाताने पांढऱ्या तैलरंगात त्यांच्यावर १ ते १२ आकडे घातले होते. संध्याकाळी फळ्या लावण्याचे काम आम्हा दोघा भावांचे. दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. मी फळी आणून द्यायचो, तो बसवायचा. अंधुक उजेडात मी पुष्कळदा तिसरी फळी उलटी उचलून सहावी म्हणून पुढे करी. ती तिथे लागली की शेवटची फळी काही केल्या बसत नसे आणि मग सगळ्या काढून पुन्हा लावाव्या लागत. दादा त्याबद्दल रागावल्याचे मला आठवत नाही.

दादाने मॅट्रिकनंतर शिक्षण सोडले आणि तो गादीवर बसला. मी पुण्यास राहून एम.कॉम. झालो. माझ्या खोलीचे भाडे, खानावळ आणि परीक्षेचे शुल्क दर महिन्याच्या मनिऑर्डरीने येई आणि तिच्या कुपनावर दादाचेच अक्षर असे. पुढे मला बँकेत नोकरी लागली. २००८ साली वडील गेले आणि २०११ मध्ये वाटणीचा विषय निघाला.

त्या वेळी मी जे केले ते कायद्याच्या दृष्टीने योग्यच होते. दुकान, घर आणि गोदाम यांचे पाच पानी विवरण मी तयार केले, तीन वर्षांच्या उत्पन्नातील माझा हिस्सा व्याजासह मांडला आणि ते सारे नोंदणीकृत टपालाने, पोचपावतीसह, दादाकडे पाठवून दिले. समोर बसून बोलण्याऐवजी सख्ख्या भावाला मी रजिस्टर पत्र पाठवले. चार दिवसांनी दादाच्या सहीची पोच माझ्याकडे परत आली. वाटणीच्या दिवशी तो एवढेच म्हणाला, ‘तुझे जे निघते ते घे.’ दुकान पाडून नवे बांधायचे ठरले होते, म्हणून जुन्या फळ्या निघाल्या होत्या. त्या जळणाच्या भावाच्या. पण मी त्याही मोजून वाटायला लावल्या. विषम आकड्यांच्या सहा माझ्याकडे आल्या आणि सम आकड्यांच्या सहा दादाकडे राहिल्या. तिसरी इकडे आणि सहावी तिकडे. त्यानंतर तेरा वर्षे आमचे बोलणे नव्हते. मराठीत ज्याला छत्तिसाचा आकडा म्हणतात, तसे आम्ही एकमेकांकडे पाठ करून राहिलो.

या तेरा वर्षांत संवत्सरी चुकली नाही. उपवास झाला, प्रतिक्रमण झाले आणि भ्रमणध्वनीवरून चारशे जणांना एकाच वेळी ‘मिच्छामि दुक्कडम्’चा संदेश जात राहिला. त्या चारशेंत दादाचाही क्रमांक होता. त्याच्याकडूनही तसाच संदेश येई, बहुधा तोही एकगठ्ठा पाठवलेला. दोन्ही बाजूंचे कर्तव्य पार पडत होते.

कर्मग्रंथांत क्रोधाचे चार प्रकार सांगितले आहेत हे आपण सारे प्रवचनांतून ऐकतो. पाण्यावरच्या रेघेसारखा तो संज्वलन, त्याची मर्यादा एक पंधरवडा. वाळूतल्या रेघेसारखा प्रत्याख्यानावरण, तो चार महिन्यांचा. जमिनीला पडलेल्या भेगेसारखा अप्रत्याख्यानावरण, तो वर्षभराचा. डोंगराला गेलेल्या तड्यासारखा अनंतानुबंधी, तो जन्मभर राहणारा. आपली पक्खी, चौमासी आणि संवत्सरी ही प्रतिक्रमणे याच मुदतींना येतात. म्हणजे आपल्या पूर्वाचार्यांनी एक दिनदर्शिकाच घालून दिली आहे; राग पंधरवड्यात गेला नाही तर चार महिन्यांत, तेव्हाही नाही तर निदान वर्षाच्या आत उतरलाच पाहिजे, अशी. बँकेत असताना मी कर्जदारांना मुदतीचा कायदा समजावून सांगत असे. १९६३ च्या त्या कायद्याप्रमाणे सामान्य येणे तीन वर्षांत वसूल करावे लागते, नाहीतर दावा मुदतबाह्य होतो. मात्र मुदत संपण्यापूर्वी कर्जदाराने लेखी कबुली दिली, की मुदत पुन्हा नव्याने सुरू होते. आम्ही अशा कबुल्या तारखा पाहून वेळेवर घेत असू. माझ्या घरातला राग केव्हाच मुदतबाह्य व्हायला हवा होता. दरवर्षी त्या पोचपावतीची आठवण काढून मीच त्याचे नूतनीकरण करत होतो.

माळ्यावरून तिसरी फळी खाली काढली, तेव्हा यातले काहीच मनात नव्हते. सागवान चांगले आहे एवढाच विचार होता. आता ती वस्तू कशी केली ते सांगतो, कारण कोणालाही ती घरी करता येईल.

फळीची जाडी सुमारे एक इंच, म्हणजे अडीच सेंटिमीटर. प्रथम जुने खिळे एकूण एक उपटून काढले. एक जरी राहिला तरी करवतीचे दात जातात. किडीची छिद्रे नाहीत ना हेही निरखून पाहिले, कारण किडीचे लाकूड कापण्यात जीवहिंसा होते. फळी रंध्याने साफ केली. अडीच सेंटिमीटर जाडीच्या चौकोनी पट्ट्या काढून त्यांचे दहा सेंटिमीटर लांबीचे पाच तुकडे केले. प्रत्येक पट्टीला चार लांब बाजू असतात, म्हणून तीन पट्ट्यांवर बारा महिने बरोबर बसतात. दोन पट्ट्यांच्या आठ बाजूंवर सात वार बसून एक बाजू मोकळी राहते. ठोकळ्यांसाठी फळीचे दोन तुकडे एकावर एक चिकटवून एक दिवस आवळून ठेवले आणि पाच सेंटिमीटर बाजूचे दोन घन कापले. गुण्या लावून प्रत्येक कोन तपासला. महिन्याच्या तीन पट्ट्या तळाशी एकामागे एक, त्यांच्यावर वाराच्या दोन आणि सर्वांत वर दोन ठोकळे, असे रचले की दर्शनी भाग दहा बाय दहा सेंटिमीटरचा चौरस होतो. तो मावेल अशी आठ सेंटिमीटर खोलीची चौकट केली आणि तिच्या माथ्यावर वेलबुट्टीची लहानशी कमान कोरली. सौ.ने कमानीवर धर्मचिन्ह सुचवले होते; पण ही वस्तू रोज कशाही हातांनी हाताळली जाणार, आशातना नको, म्हणून वेलबुट्टीच ठेवली.

चिकटवण्यासाठी पूर्वी सुतार सरस वापरत. तो जनावरांच्या कातड्या-हाडांपासून होतो, म्हणून मी फेविकॉल वापरला. चकाकीसाठी फ्रेंच पॉलिश करतात, त्यात लाख असते. लाख किड्यांपासून मिळते आणि लाखेचा व्यापार तर श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत मोडतो. मी पॉलिश पेपर ८०, १२० आणि २२० अशा क्रमाने फिरवून जवसाचे तेल दिले. सागाला ते शोभून दिसते. तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून मात्र कधी ठेवू नये. त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवाव्यात.

आकडे कागदावर काढून कार्बनने लाकडावर उतरवले आणि लहान पटाशीने दोन मिलिमीटर खोल कोरले. पहिल्या ठोकळ्यावर ०, १, २, ३, ४, ५ आणि दुसऱ्यावर ०, १, २, ७, ८, ९. तीनाच्या आकड्याला खालच्यासारखीच लहानशी शेपटी वरच्या टोकालाही दिली, म्हणजे उलटा केल्यावर तो नीट सहा दिसतो. ही युक्ती जमली तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. तीन आणि सहा एकाच बाजूवर असल्यामुळे या दिनदर्शिकेत ३६ हा आकडा कधी उमटूच शकत नाही. महिन्याला त्याची गरजही नाही; त्याचे काम ३१ मध्ये भागते. हातात पटाशी घेऊन मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. ज्यांना आपण पाठ करून बसलेले दोन आकडे समजतो, ते माझ्या तळहातावर एकाच जागी होते. फक्त ठोकळा फिरवायचा होता.

आषाढात दोन्ही ठोकळे चौकटीत घट्ट अडकले. कोरड्या वैशाखात मी सारे मापाला माप केले होते. लाकूड दमट हवेत रेषांच्या आडव्या दिशेने फुगते, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाही, हे पुस्तकात वाचूनही मी जागा सोडली नव्हती. ठोकळे हलकेच घासून दोन मिलिमीटरची फट ठेवली, तेव्हा ते पुन्हा फिरू लागले. नेमके माप घेण्याचा अभिमान मला नोकरीपासूनचा. ऋतू बदलला की नेमकेपणालाही थोडी जागा सोडावी लागते, हे तेव्हा कळले. २०११ च्या त्या पाच पानी विवरणात मी पैशाचीही फट ठेवली नव्हती.

सौ.ने दिनदर्शिका पाहून विचारले, ‘यात अष्टमी-चतुर्दशी कुठे दिसते? हिरवी भाजी कोणत्या दिवशी करायची नाही ते मला कसे कळणार?’ प्रश्न योग्य होता. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, सौर वर्षाहून ११ दिवसांनी लहान. शिवाय तिथीचा क्षय आणि वृद्धी. त्यामुळे तिथी तारखेला बांधता येत नाही, ती पंचांगातूनच घ्यावी लागते. मी तिला म्हणालो, प्रतिपदा ते चतुर्दशी चौदा, आणि पौर्णिमा व अमावस्या धरून सोळा. म्हणजे आणखी चार पट्ट्या. ती म्हणाली, ‘त्या आपल्या घरच्या दिनदर्शिकेत कर. ही कोणाकडे जायची आहे ते मला दिसते आहे.’ तोपर्यंत ही गोष्ट मी स्वतःशीही बोललो नव्हतो. नातवाला समजावून सांगितले. ‘माझी नंतर करा,’ तो म्हणाला.

चौकटीची पाठ बसवायची राहिली होती. फळीच्या ज्या भागावर वडिलांच्या हातचा ३ होता, तो मी रंधा न लावता राखून ठेवला होता. तोच मागे बसवला.

पर्युषण सुरू होण्याच्या आधीच्या रविवारी मी एकटाच गावी गेलो. दादा दुकानात होता. नव्या दुकानाला शटर आहे. भाभी आतून पाणी घेऊन आल्या आणि काही न बोलता बाजूला बसल्या. मी मनाशी बरीच वाक्ये जुळवून नेली होती. प्रत्यक्षात एवढेच म्हणालो, ‘दादा, ते पत्र मी पाठवायला नको होते.’ दादाने मान हलवली. ती हो अशी होती की राहू दे अशी, ते मला कळले नाही. त्याने पिशवीतून दिनदर्शिका काढली, ठोकळे फिरवून पाहिले आणि मग ती पाठीमागून निरखली. पांढऱ्या आकड्यावरून त्याने अंगठा फिरवला. चौकट हळूच उलटी केली, पुन्हा सुलटी केली आणि म्हणाला, ‘तू हिला नेहमी उलटीच लावायचास.’

नंतर आम्ही जेवलो. वाटणीचा विषय निघाला नाही. निघताना तो गोदामात गेला आणि खांद्यावर एक फळी घेऊन आला. सहावी. ‘तुझ्या घरची हिच्यातून कर,’ म्हणाला. त्याच्या वाट्याच्या सहाही फळ्या त्याने जपून ठेवल्या होत्या. एकही जाळली नव्हती.

त्या वर्षीच्या संवत्सरीला मी एकगठ्ठा संदेश पाठवला नाही. वहीत नावे लिहून काढली. ज्यांच्याशी खरोखर काही देणे-घेणे राहिले होते असे अकराजण निघाले, त्यांना दूरध्वनी केले. दोघांनी उचलला नाही, त्यांच्या घरी जाऊन आलो. सायंकाळचे प्रतिक्रमण गावच्या स्थानकात दादाच्या शेजारी बसून केले.

आता घरी सहाव्या फळीची दिनदर्शिका आहे, खाली तिथीच्या चार पट्ट्यांसह. नातवाची अजून व्हायची आहे. लाकूड पुष्कळ आहे. सकाळी स्नान झाले की मी तारीख बदलतो. एखाद्या दिवशी विसरलो, तर तिच्यावर कालचीच तारीख राहते. ती आपण होऊन पुढे सरकत नाही. मग दुपारी केव्हातरी लक्षात येते आणि मी ठोकळा फिरवतो.